ठाणे-नवी मुंबईतली स्ट्रॉबेरी: आच्छादन, थर्मल पडदा आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली आणि वाशीच्या फळबाजारात महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीची खोकी दिसू लागली की माझा फोन वाजायला लागतो. कुणाची घोडबंदर रोडला गच्ची असते, कुणाची शहापूर-मुरबाडकडे दहा-वीस गुंठे जमीन, कुणाचा खारघरच्या रो-हाऊसमागे रिकामा तुकडा. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: वर काय घालू? मी गच्चीवर ग्रो बॅगांत आणि शहापूरजवळच्या एका लहान पॉलिहाऊसमध्ये, दोन्हीकडे ही रोपं वाढवली आहेत. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे.

ठाण्यात स्ट्रॉबेरी खरंच येते का?

येते, पण तिचा हंगाम आखूड असतो. आपल्याकडे लावतात त्या बहुतेक जातींना फुलायला लहान दिवस लागतो, साधारण १४ तासांपेक्षा कमी. २२ डिसेंबरला ठाण्याचा दिवस ११ तासांच्या आसपास असतो, त्यामुळे दिवसाच्या लांबीची अडचण नाही. अडचण तापमानाची आहे. या पिकाला दिवसा १८ ते २४ आणि रात्री ८ ते १३ अंश मानवतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत दुपारी पारा सहज ३० च्या पुढे जातो आणि खाडीकाठच्या ठाण्यात रात्री तो बहुतेकदा १७ ते २० च्या दरम्यान रेंगाळतो. बदलापूर, कर्जत, मुरबाडकडे कडाक्याच्या दिवसांत तो ११-१२ पर्यंत उतरतो. समुद्राची ऊब तिथवर पोचत नाही आणि रात्री हवा कोरडी असते.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटर उंच आहे. दर हजार मीटरला हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे केवळ उंचीमुळे त्यांना आपल्यापेक्षा आठ-नऊ अंशांचा फायदा मिळतो. तिथल्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे ही हवासुद्धा आहे. आपलं फळ त्या आकाराचं होणार नाही. पण जव्हार-मोखाड्याच्या शेतकऱ्यांनी मध्यम उंचीवर स्ट्रॉबेरी घेऊन दाखवली आहे, आणि डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ठाण्यातही चवीचं फळ मिळतं.

हरितगृह तर थंडीपासून वाचवायला असतं. इथे थंडीच नाही, मग ते कशाला?

हा प्रश्न ज्याला पडला त्याचं अर्धं काम झालं. स्ट्रॉबेरीच्या आच्छादनाबद्दल जे ज्ञान उपलब्ध आहे ते बहुतेक नेदरलँड्स, जपान, कोरिया इथलं आहे. तिथे हिवाळ्यात दोन गोष्टी तुटपुंज्या असतात: ऊब आणि ऊन. २२ डिसेंबरला भर दुपारी नेदरलँड्समध्ये सूर्य क्षितिजापासून जेमतेम १४-१५ अंश वर येतो. ठाण्यात त्याच दुपारी तो ४७ अंशांवर असतो. त्यांना प्रकाशाचा प्रत्येक कण आत घ्यायचा असतो आणि उष्णतेचा प्रत्येक कण आत कोंडायचा असतो. आपल्याला दुपारची उष्णता आत येऊ द्यायची नाही, आणि जी आली ती रात्री बाहेर जाऊ द्यायची आहे.

म्हणून आपल्या आच्छादनाची कामं वेगळी आहेत. ऑक्टोबरचा परतीचा पाऊस आणि मध्येच येणारा अवकाळी रोपांवर पडू नये. पहाटेचं दव फुलांवर आणि फळांवर बसू नये. दुपारचं ऊन मवाळ व्हावं. थंडी आम्ही राखून ठेवतो, अडवत नाही, असं मी नव्या लोकांना सांगतो. खाली जे काही लिहिलं आहे ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

कागद किंवा काच नेमकं काय अडवते?

(पॉलिहाऊसच्या फिल्मला आपल्याकडे सगळे ‘पेपर’च म्हणतात, मीही तेच म्हणतो.)

सूर्याचा प्रकाश लघुलहरींचा असतो. तो काचेतून सुमारे ९० टक्के आणि नव्या पेपरमधून ८५ ते ८८ टक्के आत येतो. माती, पानं, लोखंडी खांब तापतात आणि ती उष्णता दीर्घलहरींच्या रूपात परत आकाशाकडे टाकतात. काच या दीर्घलहरी जवळजवळ सगळ्या अडवते. साधा पॉलिथिन पेपर त्यातल्या बऱ्याचशा सोडून देतो.

रात्रीची ही उत्सर्जनाची ताकद किती असते हे पाहायचं तर वेण्णा लेक आठवा. जानेवारीत तिथल्या गाड्यांच्या टपांवर आणि गवतावर दव गोठल्याचे फोटो दरवर्षी वर्तमानपत्रात येतात, पण त्या पहाटे हवेचं तापमान शून्यावर गेलेलं नसतं. निरभ्र आकाशाखाली वस्तू स्वतःची उष्णता आकाशाला देऊन हवेपेक्षाही थंड होते. याच कारणाने एकपदरी साध्या पेपरखालचं, न तापवलेलं पॉलिहाऊस निवांत निरभ्र रात्री बाहेरच्या हवेपेक्षा अंश-दोन अंश गार पडू शकतं. थंड देशातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा पेपरचा मोठा दोष. आपल्यासाठी तो त्याचा सर्वांत चांगला गुण.

मग कुठला पेपर घेऊ?

२०० मायक्रॉनचा, अतिनील किरणांनी लवकर फाटू नये म्हणून प्रक्रिया केलेला, प्रकाश विखुरणारा पेपर. विखुरलेला प्रकाश खालच्या पानांपर्यंत पोचतो आणि वरची पानं व फळं भाजत नाहीत. आपल्याकडचं ऊन इतकं भरपूर आहे की थोडा प्रकाश गेला तरी बिघडत नाही. भर दुपारच्या उन्हाच्या साधारण निम्म्यावरच स्ट्रॉबेरीच्या पानाची भूक भागते.

विक्रेता ‘थर्मल’ पेपर महाग म्हणून चांगला असं सांगेल. त्यात दीर्घलहरी अडवणारे घटक मिसळलेले असतात आणि रात्रीची ऊब राखणं हेच त्याचं काम. ठाण्यात तो घेऊ नका. तेच पैसे ‘अँटी-ड्रिप’ गुणावर खर्च करा. अशा पेपरच्या आतल्या बाजूला जमलेलं पाणी थेंब होऊन फुलांवर टपकत नाही, पातळ थर होऊन कडेला ओघळतं. आपल्या दमट हवेत याचा जितका फायदा मी पाहिला तितका दुसऱ्या कुठल्या गुणाचा पाहिला नाही.

अतिनील किरण पूर्ण अडवणारा पेपरही मिळतो. त्याखाली राखाडी बुरशीचे बीजाणू कमी तयार होतात, पांढरी माशी आणि फुलकिडे कमी शिरतात. पण मधमाश्यांना दिशा ओळखायला हेच किरण लागतात. त्या आत गोंधळतात, पेपरवर आपटत राहतात. हाताने परागीकरण करायला वेळ असेल तरच तो घ्या.

गच्चीवर आधीच पॉलिकार्बोनेटची शेड आहे, तिच्याखाली लावू का?

चारी बाजू उघड्या असतील तर कडेच्या पट्ट्यात लावा. दुहेरी पॉलिकार्बोनेट प्रकाश ८० टक्क्यांच्या आसपास सोडतं आणि उष्णता मात्र घट्ट धरून ठेवतं. नवीन शेड केवळ स्ट्रॉबेरीसाठी उभारू नका. पक्क्या शेडला महापालिकेची आणि सोसायटीची परवानगी लागते, हेही विसरू नका.

थर्मल पडदा म्हणजे काय? तो लावावा का?

अॅल्युमिनियमच्या आणि पॉलिएस्टरच्या बारीक पट्ट्या धाग्याने विणून केलेला, छताखाली आडवा सरकणारा पडदा. थंड देशांत तो संध्याकाळी पसरतात. तो उष्णता खाली परतवतो आणि वरच्या थंड छताशी आतली हवा भिडू देत नाही. एका चांगल्या पडद्याने तिथे तापवण्याच्या इंधनात साधारण पाव ते एक तृतीयांश, कधी त्याहून जास्त बचत होते. सकाळी तो एकदम उघडत नाहीत, बोटभर फट ठेवून हळूहळू सरकवतात, नाहीतर वर साठलेली गार हवा एकदम रोपांवर कोसळते. कोरियात याच्याही पुढे जाऊन दोन प्लास्टिकच्या थरांमध्ये रात्रभर विहिरीचं पाणी फवारतात. जमिनीखालचं पाणी बाहेरच्या गोठत्या हवेपेक्षा उबदार असतं आणि त्याचा पडदा स्ट्रॉबेरीला वाचवतो. हे सगळं तिथल्या हवेसाठी विचारपूर्वक घडवलेलं तंत्र आहे आणि मला त्याबद्दल मनापासून आदर आहे.

पण मी ते इथे जसंच्या तसं आणलं आणि एक हंगाम घालवला. पहिल्या वर्षी एका विक्रेत्याने सांगितलं, हिवाळी पीक आहे, रात्री ऊब लागते, पडदा लावून घ्या. मी शहापूरच्या शेडमध्ये तो बसवला आणि महिनाभर रोज सूर्यास्ताला इमानेइतबारे बंद केला. पहाटे आत बाहेरपेक्षा दोन-तीन अंश जास्त असायचे. कागदावर हा आकडा लहान वाटतो. रोपाला तो लहान नसतो. रात्र उबदार असली की रोप दिवसभर बनवलेली साखर श्वसनात जाळून टाकतं. फळं भराभर लाल झाली, पण सुपारीएवढी, मऊ आणि पाणचट. शिवाय बंद पडद्याखाली ओलावा कोंडला आणि जानेवारीत राखाडी बुरशीने अर्धी फुलं नेली. तेव्हा खूप वाईट वाटलं होतं.

दुसऱ्या वर्षी तोच पडदा मी दिवसा वापरला. साडेअकराला पसरायचा, साडेतीनला गुंडाळायचा आणि रात्री पूर्ण उघडा. अॅल्युमिनियम ऊन परतवतं, साधी हिरवी जाळी ते शोषून स्वतः तापते. फळ लगेच बदललं. तेव्हा पडदा आधीच असेल तर टाकू नका, त्याची वेळ उलटी करा. नवीन घ्यायचा असेल तर मात्र विचार करा: आपल्याला लागणारं काम छताबाहेरची पांढरी जाळी बऱ्याच कमी पैशांत करते.

शेडनेट आत लावू की बाहेर? किती टक्के?

बाहेर, छतापासून हातभर वर. ऊन पेपर ओलांडून आत आलं की त्याची उष्णताही आत आली; मग आतली जाळी सावली देते, पण गारवा देत नाही. पांढरी किंवा चंदेरी, ३५ टक्के सावली देणारी. ५० टक्क्यांची हिरवी जाळी सर्रास मिळते म्हणून लोक तीच कायमची बांधून टाकतात. त्याखाली देठ लांब होतात आणि फुलं कमी येतात. शक्यतो सरकवता येईल अशी बांधा. नोव्हेंबरच्या सकाळचं आणि डिसेंबरच्या चारनंतरचं ऊन रोपांना हवं असतं.

रोजचं वेळापत्रक कसं ठेवू?

सूर्योदयाला बाजूचे पडदे पूर्ण वर. रात्रीचा ओलावा निघून जाणं हे सकाळचं पहिलं काम. अकरा-साडेअकराला सावली, साडेतीन-चारला सावली काढायची. संध्याकाळीही बाजू उघड्याच. थंडी जितकी आत येईल तितकी येऊ द्या. पाऊस किंवा फार वारा असेल तरच बाजू खाली.

एक अपवाद लक्षात ठेवा, कारण तो दर हिवाळ्यात दोन-चारदा येतो. वारा पूर्वेकडून वाहू लागला की समुद्राचा वारा उशिरा आत येतो आणि ठाण्यात जानेवारी-फेब्रुवारीतही पारा ३५ च्या घरात जातो. अशा दिवशी दहालाच सावली करा. सकाळी उठल्यावर वाऱ्याची दिशा बघण्याची सवय लावून घ्या. ३० अंशांपुढे परागकण निकामी होऊ लागतात आणि त्या दोन दिवसांत उमललेल्या फुलांची फळं तीन-चार आठवड्यांनी वेडीवाकडी निघतात. तोवर तो गरम दिवस कुणाला आठवतही नसतो.

रात्री पारा १२ वर आला तर झाकू का?

नाही. तीच तर आपली कमाई आहे.

गच्चीवर आणि शेतात फरक काय पडतो?

स्लॅब. सिमेंट दिवसभर तापतं आणि रात्रभर ती उष्णता सोडत राहतं. कुंड्या थेट फरशीवर ठेवल्या तर मुळांना आणि रोपाच्या गड्ड्याला, म्हणजे जिथून पानं फुटतात त्या बुंध्याला, रात्रीची थंडी मिळतच नाही. फुलकळी धरण्याचा निर्णय याच भागात होतो. जपानमध्ये गड्ड्याशेजारून बारीक नळी टाकून गार पाणी फिरवतात, बुंधा २० अंशांच्या आसपास ठेवतात आणि बाकी हरितगृह थंड करण्याचा खर्च वाचवतात. आपण इतकं नाही केलं तरी कुंड्या दोन-अडीच फूट उंच मांडणीवर ठेवू शकतो, काळ्या कुंड्यांऐवजी पांढऱ्या पिशव्या वापरू शकतो आणि पश्चिमेच्या भिंतीपासून लांब राहू शकतो. नेरूळच्या माझ्या मावसबहिणीने फक्त मांडणी बदलली, बाकी काही नाही, आणि पुढच्या हंगामात तिच्याकडे फुलं पंधरवडाभर आधी आली.

गच्चीवर पूर्ण हरितगृहाची गरज नसते. बांबूच्या कमानी, वर पेपरचं लहान छत, चारी बाजू उघड्या, आणि दुपारपुरती पांढरी जाळी. एवढं पुरतं. छत नीट बांधा मात्र. विसाव्या मजल्यावर वाऱ्याने उडालेला पेपर खाली कुणाच्या अंगावर पडू शकतो.

बेडवर कुठला मल्चिंग पेपर?

चंदेरी-काळा, २५ ते ३० मायक्रॉन, चंदेरी बाजू वर. पारदर्शक पेपर माती तापवतो, तो थंड प्रदेशासाठी.

आच्छादनाखाली रोग कमी होतात ना?

काही कमी होतात, काही वाढतात. करप्यासारखे रोग पावसाच्या थेंबांनी उडून पसरतात, त्यामुळे छताखाली ते आटोक्यात राहतात. राखाडी बुरशीला पानाफुलांवर पाणी आणि १५ ते २५ अंश तापमान लागतं. आपली हिवाळी पहाट नेमकी तशी असते, म्हणून दव अडवणं आणि सकाळी हवा खेळती ठेवणं या दोन गोष्टींनीच अर्धी फवारणी वाचते. भुरीचं उलट आहे. तिला ओलं पान नको, दमट हवा हवी. उघड्यावर पाऊस तिला धुऊन टाकतो, छताखाली ती निवांत पसरते. पानं वरच्या बाजूला वाटीसारखी वळू लागली की पान उलटून पाहा, खाली पांढरट भुकटी दिसेल. लाल कोळी उष्ण, कोरड्या कोपऱ्यात सुरू होतो; दाराजवळची आणि पश्चिमेकडची रोपं आठवड्यातून दोनदा भिंगाने तपासा.

रोपं दाट लावू नका, जुनी पानं काढत राहा. कीटकनाशक फवारताना फळ तोडायचा प्रतीक्षाकाळ पाळा, कारण ही फळं बहुतेक घरात मुलंच खातात.

फळं वेडीवाकडी का येतात?

उष्णतेचं कारण वर आलंच. दुसरं कारण अपुरं परागीकरण. स्ट्रॉबेरीच्या एका फुलात शेकडो स्त्रीकेसर असतात आणि ज्याला पराग मिळतो त्याच्याभोवतीचाच गर फुगतो. फळावरचे ‘बी’ म्हणजे हेच. ज्या बाजूचे बी बारीक राहिले ती बाजू आत दबलेली दिसेल. बाजूचे पडदे उघडे असतील तर सातेरी आणि पोयाच्या (या आपल्याकडच्या मधमाश्यांच्या जाती) माश्या स्वतःहून येतात. कीटक अडवायला चारी बाजू बारीक जाळीने बंद केल्या असतील तर माश्याही अडतात आणि वाराही मंदावतो. अशा वेळी मऊ ब्रशने सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान, एक दिवसाआड, उमललेल्या प्रत्येक फुलावर गोल फिरवा.

फॅन-पॅड बसवलं तर?

फॅन-पॅड म्हणजे एका बाजूला ओले पॅड आणि समोर पंखे; पंखे हवा ओल्या पॅडमधून ओढून गार करतात. आपल्या हिवाळ्यात दुपारची हवा बऱ्यापैकी कोरडी असते, म्हणून ते पावसाळ्यापेक्षा चांगलं चालतं आणि काही अंश नक्की उतरवतं. पण अडीच-तीन महिन्यांच्या फळासाठी तेवढं वीजबिल निघत नाही. त्याऐवजी छताच्या माथ्यावर वायुवीजनाची फट असलेली, उंच रचना करा. गरम हवा स्वतःच वर निघून जाते.

कुठली जात, कधी लावू?

विंटर डॉन आणि स्वीट चार्ली. दोन्ही लवकर येणाऱ्या आहेत आणि थोडक्या थंडीत फुलतात. वाई-पाचगणी भागातल्या रोपवाटिकांतून रोपं आणा. ऑक्टोबरची उष्णता ओसरू द्या; मी शेवटच्या आठवड्याआधी लावत नाही. लागवडीनंतर पहिले दहा दिवस पूर्ण सावली. गड्डा मातीत गाडू नका, मातीच्या पातळीवर राहू द्या. गाडला तर कुजतो.

बोअरचं पाणी चालेल का?

खाडीजवळच्या भागात आधी क्षार तपासून घ्या. स्ट्रॉबेरी क्षारांच्या बाबतीत फार नाजूक आहे. पाण्याची विद्युतवाहकता (ईसी, म्हणजे क्षारांचं माप) १ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या खालीच हवी. पानांच्या कडा करपल्या की लोक उन्हाला दोष देतात, जाळी वाढवतात. कित्येकदा दोष पाण्याचा असतो.

अनुदान मिळतं का?

सातबारा असलेल्या शेतजमिनीवरच्या पॉलिहाऊस आणि शेडनेटला, मंजूर मापदंडाच्या ५० टक्के. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर, चौकशी तालुका कृषी कार्यालयात. पूर्वसंमती हातात येण्याआधी काम सुरू करू नका. गच्चीला हे लागू नाही.

पेपर किती वर्षं टिकतो?

चांगला असेल तर तीन वर्षं. पण आपल्याकडे त्याआधी तो मळतो. घोडबंदर, कोलशेत, तळोजा, जिथे बांधकामाची किंवा कारखान्याची धूळ आहे तिथे महिन्यातून एकदा मऊ कापडाने आणि साध्या पाण्याने धुवा. पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढतं. गच्चीवरचा लहान पेपर मे महिन्यातच काढून, वाळवून, गुंडाळून सावलीत ठेवा.

मार्चमध्ये रोपं हिरवीगार आहेत, फळं मात्र संपली. पुढच्या वर्षासाठी ठेवू का?

मार्चमध्ये दिवस मोठा होतो, रात्री २२-२३ अंशांवर जातात आणि रोप फुलं सोडून धावते (टोकाला नवं रोप धरणाऱ्या लांब फांद्या) फेकू लागतं. ते पाहून सगळ्यांना वाटतं की फुकट रोपं मिळाली. मीही दोन वर्षं ती जपली, सावलीत ठेवली, रोज पाणी घातलं. जूनच्या पहिल्या जोरदार पावसानंतरच्या दमट आठवड्यात गड्डे आतून तपकिरी होऊन एकेक रोप बसत गेलं. जी जगली त्यांना पुढच्या डिसेंबरात फूल आलं नाही. आता मी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटची फळं तोडतो, रोपं कंपोस्टमध्ये घालतो आणि त्याच पेपरखाली, बाजू उघड्या ठेवून, पालक आणि माठ पेरतो.